बाबांचे डोळे आणि पाच मिलीसेकंद

परवा ऑफिसात जेवताना एका मित्राने विचारलं, "पोराला मॉनिटर घ्यायचाय. एक मिलीसेकंदवाला घेऊ की अर्ध्या मिलीसेकंदवाला?" मी म्हटलं, "खोक्यावरचा तो आकडा वाचूच नकोस." तो हसला. त्याला वाटलं, मी नेहमीसारखा वाकडं बोलतोय. पण या मिलीसेकंदांनी मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय, आणि तेही सख्ख्या बापासमोर. तर मंडळी, या शनिवारी तीच गोष्ट. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमचं गाव ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर. वैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे वडसा आणि गडचिरोली जिल्हा. धानाचे बांध, राइस मिल, दिवाळीनंतर रात्र रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटकं आणि उन्हाळा. हवामान खात्याची वेधशाळा गावात असल्यामुळे मे महिन्यात टीव्हीवरच्या तापलेल्या गावांच्या यादीत आमचं नाव हमखास असतं. ४६-४७ अंश म्हणजे आमच्याकडे बातमी नाही, बाजारात कोबीचा भाव सांगावा तसा सांगायचा आकडा. (हा उन्हाळा पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.)

बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. २००५ साली रिटायर झाले. २००७ च्या दिवाळीला मी पुण्याहून त्यांच्यासाठी १७ इंची एलसीडी मॉनिटर घेऊन गेलो. जुना सीआरटी डबा टेबलावरून खाली उतरवला, हा चपटा बसवला, आणि खोक्यावरचा '५ मिलीसेकंद' हा आकडा त्यांना कौतुकाने दाखवला. कंपनीचं नाव सांगत नाही, तेव्हा सगळ्याच तसं छापायच्या.

जानेवारीत फोन आला. २००८ चा तो सिडनीचा टेस्ट सामना, सगळ्यांना आठवत असेलच. बाबा पहाटे पाचला उठून, स्वेटर-मफलर घालून, टीव्ही ट्यूनर कार्डावर तो बघत होते. म्हणाले, "अरे, चेंडूले शेपूट हाय."

मी म्हटलं, "बाबा, ट्यूनर कार्डामुळे होत असेल तसं."

"मग वर्डमध्ये पान सरकवलं की अक्षरं काहून लोळतात? तिथं कुठं कार्ड आहे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी ते केलं जे आमच्या धंद्यातला माणूस उत्तर नसताना करतो. वापरणाऱ्यालाच दोष दिला. म्हटलं, डोळे तपासून घ्या, पंचवीस-तीस मिलीसेकंदाचे मॉनिटर लोक वापरत होते, तुमचा तर पाचचा आहे. बाबा एस.टी.ने नागपूरला गेले, डोळे तपासले, मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे असं कळलं, नवा चष्मा घेऊन आले. पुन्हा फोन. "चष्मा नवा, शेपूट तेच. माझे डोळे ठीक आहेत, तू तुझ्या डब्याले पाह्य."

त्या वर्षी दिवाळीला गेलो तेव्हा मी डिजिटल कॅमेरा टेबलावर स्टँडला लावून पळत्या अक्षरांचा फोटो काढला. फोटोत अक्षर बऱ्यापैकी स्वच्छ होतं, कडेला जेमतेम एक फिकी सावली. तो फोटो मी त्यांच्यापुढे धरला. कॅमेरा खोटं बोलत नाही, असंही वर म्हणालो. बाबा काही बोलले नाहीत. विषय तिथे मिटला, म्हणजे मला तसं वाटलं.

आता जरा मागे जाऊ. कारण ज्या माणसाला मी हे ऐकवत होतो, तो भुतांच्या बाबतीत माझ्यापेक्षा फार जुना जाणकार होता.

मी शाळेत असताना आमच्याकडे लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, २० इंची. छपरावर लोखंडी पाइपला अल्युमिनियमचा अँटेना. एकाने वर चढून तो फिरवायचा, दुसऱ्याने दारातून ओरडायचं, "आलं... आलं... गेलं!" चित्र आलंच तर बातम्या देणाऱ्या बाईंच्या उजव्या बाजूला त्यांचीच एक फिकी बाई बसलेली असायची. आजी म्हणायची, "टीव्हीत भूत हाय." आणि गंमत म्हणजे इंग्रजीतही इंजिनियर लोक त्याला भूतच म्हणतात, घोस्ट. थेट येणाऱ्या लहरीबरोबर कुठेतरी आपटून आलेली तीच लहर जरा उशिरा पोचते, आणि उशिरा पोचलेलं चित्र जरा उजवीकडे उमटतं.

बाबांनी पट्टी घेतली आणि भूत मोजलं. दीड सेंटिमीटर. मग मला समोर बसवून हिशेब मांडला. आपल्याकडच्या टीव्हीत एका चित्राच्या ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद. त्यातले सुमारे ५२ डोळ्याला दिसतात. पडदा ४० सेंटिमीटर रुंद. म्हणजे एका मायक्रोसेकंदात पाऊण सेंटिमीटर. दीड सेंटिमीटरचं भूत दोन मायक्रोसेकंद उशिरा आलंय. तेवढ्या वेळात लहर ६०० मीटर जाते. "म्हणजे आपल्या मागं ३०० मीटरवर जाऊन परत आली," बाबा म्हणाले, "पाह्य बरं काय आहे तिथं." मी गच्चीवर जाऊन पाहिलं. राइस मिलचं लांबच लांब पत्र्याचं शेड! अँटेना जरा वळवल्यावर भूत पुष्कळ फिकं झालं. आजीने तरी संध्याकाळी टीव्हीपुढे उदबत्ती लावलीच, ते सोडा. :-)

सिनेमाचंही एक भूत असतं, आणि तेही बाबांनीच दाखवलं होतं. टॉकीजमध्ये नावं पडायला लागली की काही काही वेळा पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली पांढऱ्या शेपट्या फुटलेल्या दिसत. फिल्म प्रोजेक्टरमधून सरळ वाहत जात नाही, ती धक्क्याधक्क्याने जाते. एक चौकट थांबते, दिसते, मग झटकन पुढची येते. ती सरकत असताना एक फिरतं पातं दिव्यापुढे येऊन उजेड अडवतं. पात्याचा आणि फिल्मचा मेळ चुकला की फिल्म हलत असतानाच उजेड पडतो आणि शेपटी दिसते. सेकंदाला २४ चौकटी, आणि प्रत्येक चौकट साधारण दोनदा उजळते, म्हणजे ४८ वेळा उजेड आणि ४८ वेळा अंधार. तीन तासांच्या सिनेमात आपण जवळजवळ दीड तास काळ्या पडद्याकडे पाहत बसतो! तिकिटाचे पैसे मात्र पूर्ण.

हा अंधार फार जुना आहे. बेल्जियमच्या जोसेफ प्लातोने १८३२ मध्ये एक पुठ्ठ्याची चकती केली. तिच्यावर गोलाकार चित्रं, आणि कडेला फटी. आरशासमोर उभं राहून चकती फिरवायची आणि मागून फटींतून आरशात बघायचं. चित्रातला माणूस नाचायला लागतो. आणि फटींतून न बघता चकतीच्या वरून सरळ आरशात बघितलं, तर? सगळा रंग कालवलेला, नुसता फराटा. चित्रं तीच, वेग तोच. फरक एवढाच की फट डोळ्याला क्षणभरच बघू देते आणि मग झाकते. बाबा हा प्रयोग दरवर्षी नववीच्या वर्गात करायचे, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची चकती करून. मीही त्या वर्गात बसलेलो आहे. मला तो खेळ वाटला होता.

आपल्या मराठी मुलखात हलत्या चित्रांच्या पायी डोळ्यांना सर्वात जास्त ज्यांनी छळलं, ते म्हणजे दादासाहेब फाळके. १९११ मध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहिला आणि मग झपाटल्यासारखे रोज चार-चार पाच-पाच तास सिनेमे पाहायला लागले. उरलेल्या वेळात घरी रिळं, भिंगं आणि मेणबत्तीचा उजेड घेऊन प्रयोग. झोप जेमतेम. शेवटी दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर या नेत्रवैद्यांनी उपचार करून, तीन-चार चष्मे देऊन त्यांची दृष्टी परत आणली, आणि हा माणूस फेब्रुवारी १९१२ मध्ये कॅमेरा आणायला लंडनला गेला. परत आल्यावर भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी एका वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा छोटा चित्रपट केला, रोज थोडं थोडं चित्र घेत, महिनाभर. 'राजा हरिश्चंद्र' आला तो त्यानंतर, १९१३ मध्ये. हलतं चित्र म्हणजे स्थिर चित्रं आणि मधल्या खाचा, हे त्या रोपाशेजारी महिनाभर बसलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

टीव्हीचा आणि कॉम्प्युटरचा जुना काचेचा डबा, म्हणजे सीआरटी, याच घराण्यातला. आत एक इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर रेघ रेघ ओढत जातो. झोत पडला तो ठिपका उजळतो आणि एक-दोन मिलीसेकंदांत विझायला लागतो. सेकंदाला ६० वेळा चित्र काढणाऱ्या पडद्यावरचा कुठलाही ठिपका बहुतेक वेळ विझलेलाच असतो. आपल्याला ते कळत नाही. कोणाकोणाचं डोकं मात्र दुखतं.

आणि मग आला एलसीडी. त्याचं मूळ गाजरात आहे, हे मला फार आवडतं. १८८८ मध्ये प्रागमधल्या फ्रीडरिख राइनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचा एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला. १४५.५ अंशाला वितळून गढूळ, आणि १७८.५ ला एकदम स्वच्छ. मधला तो गढूळ प्रकार म्हणजे द्रवासारखा वाहणारा, पण आतले रेणू स्फटिकासारखे ओळीत उभे असलेला. हेच द्रवस्फटिक. १९६८ मध्ये अमेरिकेत आरसीएच्या जॉर्ज हाइलमायरने त्याचे पडदे करून दाखवले, आणि १९७० मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल गावात, हॉफमन-ला रोश या औषधं करणाऱ्या कंपनीत, मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी पिळाची युक्ती काढली. दोन काचांमध्ये रेणूंचा पाव वळसा पीळ. पीळ असेपर्यंत उजेड पलीकडे जातो. विजेचा दाब दिला की पीळ सुटतो आणि उजेड अडतो. बाबांच्या टेबलावरचा मॉनिटर याच जातीचा होता.

यात भूत येतं ते असं. रेणूंना वळायला वेळ लागतो. वीज ओढते तेव्हा ते लवकर वळतात, वीज काढल्यावर मात्र आपले आपण, सावकाश परत येतात. चेंडू पुढे गेला तरी मागच्या जागेवरचे रेणू अजून आळस देत असतात, म्हणून शेपूट. किती सावकाश, हे दोन गोष्टींवर ठरतं. काचांमधलं अंतर (अंतर दुप्पट तर वेळ चौपट) आणि द्रवाचा घट्टपणा. आणि घट्टपणा ठरतो तापमानावर. हिवाळ्यातलं खोबरेल तेल आणि उन्हाळ्यातलं खोबरेल तेल, तसंच. म्हणून मॉनिटर तपासणारे शहाणे लोक आधी तो अर्धा तास सुरू ठेवून तापू देतात.

कंपन्यांना हा वळायचा वेळ मोजता येत होता. पडद्याच्या एका जागी उजेड मोजणारं यंत्र चिकटवायचं, ठिपका काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा करायचा, पहिले दहा आणि शेवटचे दहा टक्के सोडून मधला वेळ मोजायचा. २००१ च्या आयएसओ मानकात हीच रीत होती. मग स्पर्धा लागली. पंचवीस, सोळा, आठ, पाच, दोन. काळं-पांढरं मोजण्याऐवजी करड्यापासून करड्यापर्यंत मोजायला लागले, आणि कुठल्या करड्यापासून कुठल्या करड्यापर्यंत ते ज्याचं त्याच्यापाशी! आकडा आणखी खाली आणायला रेणूंना गरजेपेक्षा जास्त दाबाचा धक्का द्यायचा, त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. उतारावर जोरात ढकललेली हातगाडी जशी ठरल्या जागेच्या पुढे जाते, तसं ते रेणू पुढे जातात, आणि मग काळ्या भुताऐवजी पांढरं भूत दिसतं, उलटं घोस्टिंग. आकडा मात्र छान येतो.

इथपर्यंत मला २००८ मध्येही थोडंफार माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेतल्या कुरिता यांनी २००१ मध्येच मांडून ठेवलं होतं. समजा, रेणू शून्य वेळात वळले. तरीही एलसीडीवर हलतं चित्र पुसटच दिसणार. का? कारण हा पडदा विझत नाही. एक चौकट आली की दुसरी येईपर्यंत ती जशीच्या तशी उजळलेली राहते. सेकंदाला ६० चौकटी, म्हणजे प्रत्येक चौकट जवळजवळ १७ मिलीसेकंद. आणि आपण चेंडूकडे बघतो तेव्हा डोळा स्थिर नसतो, तो चेंडूबरोबर सरकत असतो, धक्क्याधक्क्याने नाही, सलग. म्हणजे डोळा पुढे सरकतोय आणि चित्र १७ मिलीसेकंद जागच्या जागी उभं. ते डोळ्याच्या पडद्यावर फरफटत जातं. मॉनिटरवर पुसट काहीच नसतं! पुसट होतं ते डोळ्यात. सीआरटी लगेच विझायचा, म्हणून फरफट व्हायची नाही. (सिनेमात एकच चौकट दोनदा दाखवतात. तिथे वेगाने जाणाऱ्या वस्तूची कड फरफटीऐवजी दुहेरी दिसते. मधल्या वेळात डोळा पुढे गेलेला असतो.)

हिशेब सोपा आहे. अक्षर सेकंदाला ९६० पिक्सेल वेगाने पळतंय. ६० चौकटी, म्हणजे दर चौकटीला १६ पिक्सेल. तेवढीच फरफट, १६ पिक्सेल. रेणू पाच मिलीसेकंदांत वळोत नाही तर शून्यात, या सोळामधला एकही कमी होत नाही. आज काही ओएलईडी मॉनिटरच्या खोक्यावर ०.०३ मिलीसेकंद लिहिलेलं असतं, आणि ते साफ खोटंही नसतं. पण सेकंदाला ६० चौकटीच दाखवल्या तर सोळा पिक्सेलची फरफट तिथेही आहेच. २४० चौकटी दाखवा, चारवर येते. नाहीतर मधे मधे दिवा विझवा. हा दुसरा उपाय लोकांना जरा आडवाटेने सापडला. २०११ च्या सुमारास एनव्हिडियाने थ्रीडी चष्म्यांसाठी मागचा दिवा लुकलुकवणारं लाइटबूस्ट आणलं, आणि एक-दोन वर्षांत हौशी मंडळींच्या लक्षात आलं की चष्मा न लावता, साधं चित्र बघतानाही यात पुसटपणा जातो. प्लातोची फट परत आली! आमच्याकडे तर तेव्हा भारनियमनात रोज तासन्‌तास अंधार फुकट मिळत होता, पण तो जरा लांब पल्ल्याचा.

मग मी काढलेल्या फोटोचं काय? कॅमेरा स्टँडवर स्थिर होता, आणि पुसटपणा हलत्या डोळ्यातला. स्थिर कॅमेऱ्याला तो दिसणारच नाही. म्हणून २०१३ च्या सुमारास कॅनडाच्या मार्क रेजॉन यांनी अशी चाचणी रूढ केली की पडद्यावर एक उडती तबकडी सरकते, आणि कॅमेरा रुळावरून नेमका तिच्याच वेगाने सरकवत फोटो काढायचा. कॅमेऱ्याला डोळ्यासारखं वागायला लावायचं. तेव्हा कुठे डोळ्याला दिसतं ते फोटोत आलं. खोक्यावरचा आकडा बदलायला त्यानंतरही वेळ लागला. व्हेसा या संस्थेने २०२२ मध्ये क्लिअरएमआर नावाची श्रेणी आणली, तिच्यात मिलीसेकंद नाहीतच. हलत्या चित्रात स्वच्छ पिक्सेल किती आणि पुसट किती, त्यांचं गुणोत्तर आहे.

हे सगळं मी कामाच्या निमित्ताने वाचलं, तबकडीची चाचणीही ऑफिसात अनेकदा केली. आणि इतक्या वर्षांत एकदाही मला बाबांचा फोन आठवला नाही. खरंच नाही आठवला.

गेल्या होळीला गावी गेलो. माळा साफ करताना तो सीआरटी सापडला, पोत्यात गुंडाळलेला, आणि त्याच्यावर एक दोनशेपानी वही. बाबांचं अक्षर. पहिल्या पानावर 'नवा पडदा – निरीक्षणे' आणि खाली रेघा मारून रकाने. तारीख, खोलीचं तापमान, सुरू करून किती मिनिटं झाली, शेपूट किती मिलिमीटर.

त्यांनी काय केलं होतं बघा. विंडोज एक्सपीमध्ये अक्षरं आडवी पळवणारा एक स्क्रीनसेव्हर होता, मार्की नावाचा. त्यात काळ्यावर पांढऱ्या अक्षरात गावाचं नाव टाकलं, वेग ठरवला, आणि जानेवारी ते जून २००८ रोज पट्टी घेऊन बसले. थंडीच्या पहाटे शेपूट लांब. अर्ध्या तासाने कमी. मार्चमध्ये आणखी कमी. मे महिन्यात खोलीत ४१ अंश असताना नोंद आहे, "शेपूट जवळपास नाही. पण अक्षराची कड अजूनही स्वच्छ नाही. जुन्या डब्यावर स्वच्छ. हे दुसरेच काही आहे."

म्हणजे ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्याने रेणूंचा आळस घालवला होता, आणि उरली ती निव्वळ फरफट. दोन कारणं वेगळी करायला कंपन्यांना लाखोंची यंत्रं लागली. यांनी उन्हाळा वापरला.

पुढच्या पानावर आणखी एक प्रयोग. पांढरी फूटपट्टी हातात धरून पंख्यासारखी हलवायची, आणि मागे वेगवेगळे उजेड. बल्बपुढे सलग पांढरा फराटा. ट्यूबलाइटपुढे तुटक तुटक पट्ट्या, कारण जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते (राइस मिलमध्ये फिरतं चाक ट्यूबखाली थांबल्यासारखं दिसतं ते यामुळेच, आणि त्यात बोटं जातात). सीआरटीपुढे तुटक पट्ट्या. एलसीडीपुढे सलग फराटा. खाली दोन ओळी: "जुना पडदा ट्यूबच्या जातीचा, नवा बल्बच्या. जुना विझतो, नवा विझत नाही. चकतीच्या फटी आठवा." आणि कंसात, "दिवाळीला याला दाखवणे."

त्या दिवाळीला मी कॅमेरा घेऊन आलो होतो.

वही घेऊन खाली आलो. बाबा ओसरीत पेपर वाचत होते. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, दोन्ही मोतीबिंदूंची ऑपरेशनं झालेली. मी काही न बोलता बाजारातून ड्रॉवरचं चॅनेल घेऊन आलो, सुतार लावतात ते, दोन फुटी, तीनशे रुपयांचं. माझ्या लॅपटॉपसमोर ते पाटावर आडवं ठोकलं, त्यावर रबरबँडने मोबाइल बांधला, पडद्यावर तबकडी सोडली आणि तिच्या वेगाने मोबाइल सरकवत फोटो काढायला लागलो. हाताने नेमका वेग जमत नाही, वीसेक फोटो वाया गेले. बाबा शेजारी उभं राहून "हळू... आता सोड... गेलं!" असं सांगत होते, गच्चीवरच्या अँटेनाच्या वेळेसारखं. शेवटी एक नीट आला. तबकडीची कड चांगली पसरलेली, लोळलेली. मग मोबाइल स्थिर धरून दुसरा काढला. त्यात कड स्वच्छ.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून त्यांना दाखवले. म्हटलं, "बाबा, हा पहिला तुमचा. दुसरा मी तेव्हा काढला होता तो."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल डोळ्याजवळ नेला, बराच वेळ पाहिलं. मग वही मागितली. मला वाटलं, तारीख टाकून नोंद करणार. त्यांनी शेवटचं पान काढलं आणि बोट ठेवलं. एस.टी. ब्रह्मपुरी-नागपूर जाऊन येऊन, डॉक्टरची फी, चष्मा, आणि नागपूरला नाश्ता. खाली बेरीज, बेरजेखाली दोन रेघा.

"एवढे दे," म्हणाले. "नाश्त्याचे राहू दे, तो मी मनानं केला होता."